पिकअपच्या शाफ्टचा आवाज: क्रॉस बदलले, सेंटर बेअरिंग बदललं, तरी रिकामी गाडी घुमतेच

जुन्नरचा पिकअपवाला

नमस्कार मंडळी, शाफ्टच्या आवाजाने वैताग आणलाय, जाणकारांनी जरा नीट वाचून सांगा. गाडी साधी डिझेल पिकअप, ओढ मागच्या चाकांना, गिअरबॉक्सची ओढ मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, त्याच्या जोडांना क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आणि मध्ये शाफ्ट धरून ठेवणारं सेंटर बेअरिंग. नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरायचा, आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशी गाठायची आणि येताना रिकामे कॅरेट घेऊन परत, असं हिचं काम.

लोड भरला की गाडी मागून फार बसायची म्हणून सीझनच्या आधी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवून घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आवाज सुरू झाला. आता हे दोन वेगळे आवाज आहेत का एकाच दुखण्याचे दोन, ते मला कळत नाहीये. एक म्हणजे पहिल्या गिअरला क्लच सोडला की मागून टक् असा ठोका बसतो, रिव्हर्स टाकून सोडला की परत टक्. दुसरा म्हणजे रिकामी गाडी ५० च्या पुढे गेली की खालून घूं घूं घूं असं घुमायला लागतं, पायाखालचा पत्रा आणि गिअरचा दांडा थरथरतो, ६५ च्या पुढे नेली की परत जरा कमी होतं. भरलेल्या गाडीला हे घुमणं जवळजवळ नसतंच, टक् मात्र भरलेल्या गाडीला जास्त.

गॅरेजमध्ये आधी मागचा क्रॉस बदलला, काडीचा फरक नाही. मग मधला क्रॉस आणि सेंटर बेअरिंग दोन्ही नवीन टाकलं, त्याच्यानंतर उलट वाढलंय, आधी ५० ला व्हायचं ते आता ४० लाच चालू होतं. आता मेस्त्री म्हणतायत हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचा डबा) खोलू, त्यातली क्राउन पिनियनची गिअरजोडी गेलेली दिसतेय. तो खर्च मोठा आहे आणि ऐन सीझनमध्ये गाडी उभी ठेवणं परवडत नाही. हाउसिंग खोलायच्या आधी आपल्या आपण काय काय तपासता येईल? आणि अशा अवस्थेत घाटातून गाडी चालवावी का नाही?

भोसरीचा लेथवाला

दादा, हाउसिंगला अजिबात हात लावू देऊ नका, आधी आवाज कशाबरोबर बदलतो ते बघा, पार्ट नंतर. आमच्याकडे शाफ्ट बॅलन्सिंगला येतात त्यातले कितीतरी शाफ्ट चांगले असतात आणि खराबी भलतीकडेच असते, गिऱ्हाइकाचे पैसे मात्र तोवर क्रॉस आणि बेअरिंगवर जाऊन बसलेले असतात.

मोकळा सरळ रस्ता बघा, मागेपुढे गाडी नको. ज्या स्पीडला घुमतं त्या स्पीडला गाडी न्या आणि क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन आयडलला येऊ द्या, गाडी तशीच पळू द्या. घुमणं गेलं तर इंजिन, क्लच, माउंटिंग यांच्याकडे बघायचं. तसंच राहिलं तर शाफ्ट, चाकं, टायर, हाउसिंग यातलं काहीतरी. मग तीच स्पीड एक गिअर खाली टाकून धरा, म्हणजे स्पीड तेवढी पण इंजिनचे आरपीएम जास्त. स्पीड तीच असताना आवाज हलला नाही म्हणजे इंजिनचा संबंध संपला.

आता चाक का शाफ्ट. तुमच्या साइजच्या टायरला ६० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण सात-आठ फेरे मारतं. हाउसिंगचा रेशो चारच्या आसपास असतो म्हणून शाफ्ट त्याच वेळी तीसेक फेरे मारतो. म्हणून चाकाचा दोष हळू आणि जाड येतो, थड थड थड, बहुतेक वेळा स्टेअरिंगला किंवा पूर्ण बॉडीला जाणवतो. शाफ्टचा बारीक आणि जलद येतो, पत्रा झिणझिणतो. तुम्ही लिहिलंय पत्रा आणि गिअरचा दांडा थरथरतो, ते वाचून माझं मत शाफ्टकडेच जातंय. व्हील बेअरिंगची शंका असेल तर लांब वळणावर बघा, एका बाजूला वळताना घरघर वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, सिमेंटच्या रस्त्यावर वेगळा आणि डांबरावर वेगळा.

क्राउन पिनियनचं लक्षण वेगळं असतं हो. तो कण्हतो, ऊंऽऽऽ असा सूर लागतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, किंवा एका वेळी असतो आणि दुसऱ्या वेळी नसतो. लोड भरल्यावर पिनियनवर ताण वाढतो, म्हणजे खराब असेल तर भरलेल्या गाडीला जास्त ओरडायला पाहिजे. तुमचं तर नेमकं उलटं आहे. तरी खात्री करायची असेल तर हाउसिंगचा ड्रेन बोल्ट काढून बघा, ऑइलमध्ये चमकणारे कण किंवा बोल्टला लोखंडाचे तुकडे चिकटलेत का. नुसता काळा बारीक लगदा असेल तर घाबरायचं कारण नाही, तो असतोच.

मग गाडीखाली जा, पण आधी चारही चाकांना गुटके, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही जायचं नाही, खाली घोडी लावायचीच. प्रत्येक क्रॉसच्या दोन्ही बाजूचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे तुकडे) दोन हातांत धरून उलटसुलट पिळा. हाताला जरासाही प्ले लागला तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपच्या तोंडाशी लाल भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया (बारीक रोलर) गंजल्यात. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, शाफ्ट वरखाली किती होतो, पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) वरखाली हलतो का, तेही बघा. फ्लँज हलत असेल तर मात्र मला सांगा, तिथला नट नुसता पान्याने आवळून टाकू नका, त्या नटावर आतल्या बेअरिंगचा प्रीलोड (ठरवून दिलेला दाब) असतो, जास्त आवळला की बेअरिंग जळतं.

अजून एक, शाफ्टच्या पाइपला चिखल चिकटून वाळलाय का, कुठं पोचा पडलाय का. शेतातनं माल भरता तुम्ही, एवढाशा वाळलेल्या चिखलाने पण बॅलन्स जातो. चेसीला गंज लागू नये म्हणून डांबरासारखं कोटिंग मारतात ते शाफ्टवर उडालं असेल तरी हाच प्रकार.

माळशेजचा ड्रायव्हर

भाऊ मी त्याच घाटातून वर्षानुवर्षं गाडी चालवतोय म्हणून घाटाचं तेवढं सांगतो, बाकी मेस्त्रीलोक सांगतीलच. क्रॉसला प्ले असताना घाट उतरू नका. उतरताना आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरतो ना, ती सगळी ओढ शाफ्टमधूनच चाकांना जाते. शाफ्ट सुटला की इंजिनचं धरणं एका क्षणात संपलं, गाडी न्यूट्रलसारखी मोकळी, आणि सगळा भार नुसत्या ब्रेकवर. आणि सुटलेला शाफ्ट फिरत फिरत खालची ब्रेकची पाइप मारू शकतो, म्हणजे जे उरलंय तेही जाऊ शकतं. पुढचा जोड सुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं. तिथं पावसात दरड आणि धुकं, उभं राहायला जागा नाही, तिथं हे होऊ द्यायचं नाही.

आमच्या एका गाडीला सुरुवातीला फक्त हळू चालवताना चिव चिव चिव असा पाखरासारखा आवाज यायचा, ग्रीस दिलं की दोन दिवस गप्प, परत चालू. तो कोरडा झालेला क्रॉस होता. ग्रीसने गप्प होतोय म्हणून तो बरा झाला असं समजायचं नाही, सुयांचे खड्डे एकदा पडले की ग्रीस ते भरून काढत नाही.

आता तुमच्या टक् बद्दल. पाटा वाढवल्यानंतर पाटे हाउसिंगला आवळणारे यू बोल्ट परत टाइट केले होते का? नवीन पाटा बसवला की तो थोडे दिवस चालल्यावर बसतो, मधला रंग आणि गंज चुरतो आणि यू बोल्ट सैल पडतात. मग क्लच सोडला की हाउसिंग पाट्यावर एवढंसं फिरतं आणि टक् होतं, रिव्हर्सला उलट फिरतं. लोडला जास्त होतं म्हणताय त्यावरून मला तर तेच वाटतंय. पाट्याची सेंटर पिन तुटली का पण बघा, ती तुटली की हाउसिंग एका बाजूने मागेपुढे सरकतं आणि गाडी तिरकी पळायला लागते. एक माणूस आत बसून ब्रेक दाबून क्लच हळूच सोडू दे, एकदा पहिला एकदा रिव्हर्स, आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा कुठं हलतं. बाजूला, गाडीच्या मागेपुढे नाही आणि खाली तर नाहीच.

जुन्नरचा पिकअपवाला

लेथवाले दादा, ड्रायव्हर भाऊ, मनापासून आभार, सगळं करून बघितलं. न्यूट्रल टाकली तरी घुमणं तसंच राहतं, गिअर बदलून त्याच स्पीडला तसंच. वळणावर फरक नाही. हाउसिंगचं ऑइल काढून बघितलं, काळं आहे पण कण नाहीत, बोल्टला थोडा लगदा, बाकी स्वच्छ. फ्लँज हलत नाही. नवीन दोन्ही क्रॉसना प्ले नाही, पुढचा जुना आहे तोही घट्ट आहे.

यू बोल्टचं भाऊंनी बरोबर ओळखलं. उजव्या बाजूचे दोन्ही नट अर्धा-पाऊण फेरा फिरले, डावीकडचे थोडे. टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावर टाइट करून घेतले आणि टक् नव्वद टक्के गेला. सेंटर पिन शाबूत आहे.

घुमणं मात्र आहे तसंच. आणि एक गोष्ट दिसली ती विचारतो. मागच्या तुकड्याला दोन्ही टोकांना जे योक आहेत ते मला एका रेषेत वाटत नाहीत. पुढचा उभा धरला तर मागचा किंचित कललेला दिसतो. हे असंच असतं का? फोटो टाकलाय.

आयटीआय मास्तर, कोल्हापूर

फोटो बघितला बघा, आणि तुमचं निम्मं दुखणं त्यातच आहे. असं नसतं. स्लायडरवर, म्हणजे शाफ्टच्या दात्यांच्या सरकत्या जोडावर, तो एक दात चुकून बसलाय. तुमच्या शाफ्टला सोळा-एक दात धरले तरी एक दात म्हणजे साडेबावीस अंश, फोटोत साधारण तेवढाच कल दिसतोय.

हे का महत्त्वाचं ते नीट सांगतो, आमच्या पोरांना पण मी हाच भाग परत परत शिकवतो कारण गॅरेजमध्ये यावरच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. क्रॉसचा जॉइंट सरळ रेषेत असला तर आत जेवढा वेग तेवढाच बाहेर. पण जॉइंट कोनात चालला की बाहेरचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोन वेळा तो पुढे पळतो आणि दोन वेळा मागे राहतो. १० अंशाच्या कोनाला हा फरक वेगाच्या दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली असा असतो. ऐकायला किरकोळ आहे, पण हे सेकंदाला साठ वेळा झालं की पत्रा वाजणारच की. हा जॉइंट काही आजचा नाही, सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास करून ठेवलाय, म्हणून पुस्तकात त्याला हूकचा जॉइंट म्हणतात.

यावर उपाय असा, की शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच जॉइंट लावायचा, दोन्ही योक एका रेषेत ठेवायचे आणि दोन्ही जॉइंटचा कोन सारखा ठेवायचा. मग पहिल्याने जेवढं पुढेमागे केलं तेवढंच दुसरा उलट करतो आणि पिनियनला वेग एकसारखा मिळतो. म्हणजे अटी दोन आहेत, योक एका रेषेत आणि कोन सारखे. तुमच्या गाडीत आत्ता पहिली अट मोडलीय हे दिसतंयच, आणि पाटा वाढवलाय म्हणताय म्हणजे दुसरी पण मोडली असणार असा माझा अंदाज आहे.

शाफ्ट खोलला तेव्हा खुणा केल्या नसणार. खोलायच्या आधी स्लायडरच्या दोन्ही भागांवर, फ्लँजवर, सगळीकडे पंचने किंवा रंगाने खूण करायचीच, कारण बसवताना दात कुठेही बसतो. काही शाफ्टना एक रुंद दात असतो म्हणून ते एकाच जागी बसतात, पण सगळ्यांना तो नसतो. सेंटर बेअरिंग बदलल्यावर घुमणं वाढलं म्हणताय ना, तेव्हाच तो स्लायडर निघाला असणार, ही वेळ बरोबर जुळते.

तर आधी स्लायडर सोडवून मागच्या तुकड्याचे दोन्ही योक रेषेत आणा. जुन्या खुणा किंवा पाइपवर कंपनीचे बाण असले तर ते धरून बसवा. शाफ्ट काढताना एक ध्यानात ठेवा, शाफ्ट सुटला की गिअर टाकून ठेवलेला असला तरी गाडी धरली जात नाही, उतारावर ती सरळ चालायला लागते. सपाट जागा आणि गुटके याशिवाय हे काम करू नका.

मग कोन मोजा. मोबाईलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपने काम होतंय. गाडी रिकामी, चारही चाकं जमिनीवर, आणि खाली शिरताना गुटके. जमीन थोडी उतरती असली तरी चालेल, कारण आपल्याला प्रत्येक आकडा वेगळा नकोय, दोघांमधला फरक हवाय. गिअरबॉक्सच्या फ्लँजचा उतार, पुढच्या तुकड्याचा, मागच्या तुकड्याचा आणि पिनियनच्या फ्लँजचा, चारही एकाच बाजूने मोजा आणि इथं टाका. शेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्या जॉइंटचा कोन. मधला आणि मागचा जॉइंट यांचे कोन एकमेकांपासून एका अंशाच्या आत पाहिजेत, आणि शक्यतो दोन्ही तीन अंशांच्या खाली. पुढच्या जॉइंटला जोडीदार नसतो म्हणून त्याचा कोन दीड अंशाच्या आत ठेवायचा. अगदी शून्य पण नको, शून्य कोनाला सुया एकाच जागी बसून राहतात आणि खड्डे पाडतात, अर्धा अंश तरी पाहिजे.

भोसरीचा लेथवाला

मास्तर, फोटो मी पण मोठा करून बघितला, बरोबर बोललात. दादा, सेंटर बेअरिंग बदललं तेव्हा त्याच्या ब्रॅकेटच्या आणि चेसीच्या आडव्या पट्टीच्या मध्ये वायसर होते का ते मेस्त्रींना विचारा. बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच तिथं वायसर किंवा पट्टी असते, ती कोन जुळवायला ठेवलेली असते, आणि खोलताना खाली पडली की पुष्कळदा परत बसतच नाही. ब्रॅकेट शाफ्टला काटकोनात बसलं पाहिजे, रबर एका बाजूला ओढलेलं दिसता कामा नये. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी थोडी पुढेमागे करायची म्हणजे बेअरिंग आपली जागा घेतं, मग शेवटचं टाइट करायचं.

आणि शाफ्ट हातात आहे तोवर क्रॉस परत तपासा. शाफ्ट खाली असताना योक हाताने हळू हलवून बघा, सगळीकडे एकसारखं लोण्यासारखं फिरायला पाहिजे. मध्येच खटकत असेल, एका जागी अडकून पुढे जात असेल तर नवीन असला तरी तो क्रॉस बाद. बसवताना एखादी सुई आडवी पडली की कप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिप खाचेत बसत नाही, मग लोक हातोडा मारून बसवतात आणि तिथंच तो क्रॉस मरतो. कप व्हाइसमध्ये दाबून बसवायचे, सुया ग्रीसमध्ये चिकटवून ठेवायच्या, आणि सर्क्लिप बसल्यावर योकच्या कानाला हलका ठोका द्यायचा म्हणजे जॉइंट मोकळा होतो. ग्रीस देताना चारही कपमधून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत द्या. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही तर तो चौथा कप कोरडा आहे, तिथूनच तो जाणार. स्लायडरचं निप्पल बहुतेक जण विसरतात, ते विसरू नका.

जुन्नरचा पिकअपवाला

मास्तर, तुमच्या सांगण्याप्रमाणे योक रेषेत आणले. पाइपवर खरंच एक बाण सापडला, चिखलाखाली होता. वायसरचं विचारलं तर गॅरेजच्या डब्यात दोन जाड वायसर निघाले, ब्रॅकेटच्या भोकांना बरोबर बसणारे, ते परत टाकले. फरक लगेच कळला, ४० चं घुमणं पूर्ण गेलं. आता ५० ते ६० मध्ये, रिकाम्या गाडीलाच, आधीपेक्षा पुष्कळ कमी, पण आहे.

कोन असे आले, सगळे मागच्या बाजूला उतरते: गिअरबॉक्स ३, पुढचा तुकडा ४, मागचा तुकडा ९.५, पिनियन २. म्हणजे पुढचा जॉइंट १, मधला साडेपाच आणि मागचा साडेसात, बरोबर ना? मग कॅरेट भरून, लोड ठेवून परत मोजले तर मागचा तुकडा ५ वर आला. म्हणून भरल्यावर गप्प होते का ही?

आता मेस्त्री म्हणतायत की हाउसिंग आणि पाट्याच्या मध्ये पाचर टाकून पिनियनचं तोंड फिरवू. टाकू का?

आयटीआय मास्तर, कोल्हापूर

वजाबाकी बरोबर आहे, आणि भरल्यावर गप्प का होते तेही तुम्हीच ओळखलंत. पाटा वाढवल्याने रिकामी गाडी मागून उचलली गेली, मागचा तुकडा जास्त उतरता झाला, दोन्ही जॉइंटचे कोन वाढले आणि वर ते सारखेही राहिले नाहीत. लोड भरला की गाडी बसते, कोन कमी होतात.

पाचर मी टाकणार नाही. पाचरीने पिनियनचा कोन बदलेल, दोन्ही कोन सारखे होतील हे खरं, पण दोन्ही मोठेच राहतील. मोठ्या कोनात सुया जास्त घासतात, सेंटर बेअरिंगला प्रत्येक फेऱ्यात धक्के बसत राहतात, म्हणजे आवाज कमी झाला तरी पार्ट लवकर जाणारच. आणि रिकाम्या गाडीला जुळवलेला कोन भरलेल्या गाडीला चुकणार. मूळ कारण पाटा आहे, तोच काढा. किंवा पाटे चांगल्या कमानवाल्याकडे नेऊन कंपनीच्या उंचीवर करून घ्या, जुने पाटे बसले असतील म्हणूनच गाडी लोडला फार बसत असणार.

माळशेजचा ड्रायव्हर

मास्तरांचं पटतंय पण गाडी ज्याच्या पोटावर आहे त्याला पाटा काढ म्हणणं सोपं नसतं. सीझनला टोमॅटोची गाडी मागून बसली की टायर वरच्या पत्र्याला घासतात. मी बऱ्याच गाड्यांना पाचर बघितलीय आणि त्या चालल्यात. फक्त अ‍ॅल्युमिनियमची नको, ती लोडखाली चेपते आणि फुटते, मग यू बोल्ट सैल आणि परत तेच टक्. लोखंडीच पाहिजे आणि सेंटर पिन तिच्यातून आरपार गेली पाहिजे.

आयटीआय मास्तर, कोल्हापूर

ड्रायव्हर भाऊ, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, लोखंडी पाचरीने गाड्या चालतात. पण पाटा वाढवून गाडीची वजन न्यायची क्षमता वाढत नाही. आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय ते ब्रेक, हाउसिंग, टायर, चेसी सगळ्यांचा विचार करून लिहिलेलं असतं, पाटा त्यातला एकच भाग. तुम्हीच वर लिहिलंय की शाफ्ट सुटला की घाटात सगळा भार ब्रेकवर येतो. ते ब्रेक त्याच वजनासाठी केलेत. आरसीएवढा माल असताना टायर पत्र्याला घासत असतील तर पाटे थकलेत, त्यांना कमान द्या किंवा नवीन टाका. जास्त मालामुळे घासत असतील तर त्यावर पाटा हे उत्तरच नाही.

जुन्नरचा पिकअपवाला

मंडळी, काम झालं. दोघांचं ऐकून मधलं काही न करता वाढवलेला पाटा काढला आणि जुन्या पाट्यांना कमान देऊन घेतली. कमानवाल्याने दाखवलं, डावीकडचा दुसरा पाटा टोकाला चिरलेला होता, तो बदलला. बहुतेक त्याच्यामुळेच गाडी आधीपासून लोडला बसत होती आणि म्हणून तो जास्तीचा पाटा टाकायची वेळ आली. यू बोल्ट नवीनच टाकले.

आताचे कोन: गिअरबॉक्स ३, पुढचा ४, मागचा ६.५, पिनियन ३.५. मधला जॉइंट अडीच, मागचा तीन. रिकामी गाडी ८० पर्यंत नेऊन बघितली, घुमणं पूर्णपणे गेलंय. टक् पण नाही. परवा भरून घाट उतरून वाशीला जाऊन आलो, शांत गेली. हाउसिंग खोललं नाही, तो सगळा खर्च वाचला, तुमचे उपकार आहेत. कमानीचा, पाट्याचा आणि यू बोल्टचा मिळून खर्च क्राउन पिनियनच्या जवळपासही गेला नाही.

पुढचा जुना क्रॉस आत्ता बदलू का राहू देऊ?

भोसरीचा लेथवाला

छान झालं दादा! पुढचा क्रॉस घट्ट आहे, खटकत नाही, लाल भुकटी नाही, तर राहू द्या. त्याचा कोन एकच अंश आहे, त्याला त्रास कमी आहे. फक्त प्रत्येक वेळी ऑइल बदलताना तिन्ही क्रॉस आणि स्लायडरला ग्रीस मारून घ्या, पावसाळ्यात त्याहून लवकर, आणि सर्व्हिसिंगला धुताना प्रेशरचा फवारा थेट कपच्या सीलवर मारू देऊ नका, पाणी आत शिरतं.

सांगोल्याचा डाळिंबवाला

धागा सगळा वाचला, फार कामाचा आहे. माझ्या पिकअपला घुमणं नाही, पण भरलेली गाडी चढाला पहिल्या गिअरवर उचलताना खालून धड धड धड असं पूर्ण गाडी हादरते, दहा-पंधराच्या स्पीडला जाऊन बंद होतं. क्लच प्लेट नवीन आहे. क्रॉसला प्ले नाही. हे पण कोनाचंच का?

भोसरीचा लेथवाला

तुमच्यात आधी सेंटर बेअरिंगचं रबर बघा. लोडवर उचलताना हाउसिंग पाट्यावर पिळतं, पिनियनचं तोंड वर उचललं जातं आणि शाफ्ट मधल्या जागी ढकलला जातो. रबर फाटलेलं किंवा मऊ पडलेलं असलं की बेअरिंगसकट शाफ्ट वरखाली नाचतो, स्पीड आली की ओढ कमी होते आणि तो स्थिर होतो, म्हणून दहा-पंधराला बंद. शाफ्ट सेंटरजवळ धरून हाताने वर दाबा, थोडा हलणारच, पण रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं किंवा सहज वर टेकलं तर बदला. सोबत गिअरबॉक्सचं माउंटिंग पण बघून घ्या, ते बसलं असेल तरी असंच होतं. बदलताना शाफ्टवर आणि स्लायडरवर खुणा करून मगच खोलायला सांगा, आणि ब्रॅकेटखाली वायसर असतील तर ते जिथले तिथे.

सांगोल्याचा डाळिंबवाला

रबर बघितलं, खालच्या बाजूने अर्ध्यापर्यंत सुटलंय. उद्या बदलायला टाकतो, पांढऱ्या रंगाने खुणा आत्ताच करून ठेवल्यात.